छातीवर देश, बाहीवर कंपनी: करारावर सही करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सतरा वर्षांची, कोल्हापूर जिल्ह्यातली. 50 मीटर रायफलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा खेळून आली आहे. जिल्ह्यातल्याच एका कंपनीने तीन वर्षांचा प्रायोजकत्वाचा करार पुढे केला आहे. तिच्या थोरल्या काकांना ते पटत नाही. देशासाठी खेळायचं तर खर्च सरकारने करावा, पोरीच्या अंगावर कंपनीची पाटी कशाला, असं त्यांचं म्हणणं. आणि भारताच्या क्रिकेट जर्सीवर टायर कंपनीचं नाव बघून तुम्हाला स्वतःलाही खटकतं.

माझं उत्तर आधीच देतो. सही करा, पण आत्ता ज्या स्वरूपात कागद आलाय त्यावर नको. खेळाडू, संघटना आणि कंपन्या यांच्यातले करार लिहिण्यात आणि भांडण झालं की ते सोडवण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे. त्यावरून सांगतो: काकांची अस्वस्थता खोटी नाही, पण तिचा रोख चुकीच्या जागी आहे. कंपनीचं नाव अंगावर आल्याने देशाचा मान कमी होत नाही. देशाच्या नावावर मिळालेला पैसा पदकानंतर येतो आणि पदक घडवण्याच्या वर्षांत कोणीच नसतं, खरा घोळ तिथे आहे. त्यामुळे पैसा कुणाचा यापेक्षा तो कधी येतो आणि किती दिवस टिकतो, हे विचारा.

खाशाबा जाधवांची गोष्ट तुमच्याकडे घरोघरी सांगितली जाते. गोळेश्वरचा हा पैलवान 1948 साली लंडनला सहावा आला होता. 1952 च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी हातभार लावला. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शेकडो बैलगाड्यांची मिरवणूक निघाली हेही सगळे सांगतात. त्यापुढचं मात्र कमी सांगितलं जातं. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते पैसे फेडले, 1955 मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले, 1984 मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मिरवणूक काढायला देश होता. कर्ज फेडायला खाशाबा एकटेच होते.

त्या 7000 रुपयांना आजच्या भाषेत काय म्हणायचं, मला माहीत नाही. त्यामागे ना कंपनी होती, ना सरकार. पश्चिम महाराष्ट्रात खेळाला पैसा असाच आला आहे. आधी राजाश्रय होता. शाहू महाराजांनी मल्लांना पोसलं, खासबागेचं मैदान बांधलं. नंतर जत्रांची इनामं आली, त्यानंतर साखर कारखान्यांचं मानधन. कागल, वारणा भागातल्या कारखान्यांनी मल्लांना दरमहा खुराकाचे पैसे दिले, मॅटवरच्या स्पर्धा भरवल्या. कारखान्याचं नाव मैदानाच्या कमानीवर असायचंच आणि त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. तेव्हा काकांना सांगा, पाटी जुनीच आहे. बदललंय ते करारपत्र.

आता तुम्हाला खटकलेल्या जर्सीबद्दल.

क्रिकेटची जर्सी हे देशाच्या पैशाचं पंचांगच आहे. कोणत्या काळात कोणत्या धंद्याकडे उधळायला पैसा होता ते तिच्यावर वाचता येतं. नव्वदच्या दशकात सिगारेट कंपनीचं विल्स. 2001 पासून बारा वर्षं लोकांच्या ठेवी गोळा करणारा सहारा समूह. मग वाहिनी, स्टार. 2017 मध्ये ओप्पो हा चिनी मोबाइल, पाच वर्षांसाठी 1079 कोटी. दोनच वर्षांत तो करार बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीकडे गेला. बायजूजने पुढे पैसे थकवले, क्रिकेट मंडळाने सुमारे 158 कोटींच्या थकबाकीसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे धाव घेतली आणि 2024 मध्ये त्याच अर्जावर ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तोवर जर्सीवर ड्रीम11 हे पैसे लावून खेळायचं ॲप आलं होतं, तीन वर्षांसाठी 358 कोटी. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, ड्रीम11 बाजूला झालं आणि सप्टेंबरमधला आशिया चषक भारताने कोऱ्या जर्सीवर खेळला. स्पर्धा चालू असतानाच अपोलो टायर्सशी मार्च 2028 पर्यंतचा 579 कोटींचा करार जाहीर झाला.

या यादीत मला टोचतं ते नावांचं स्वरूप. तंबाखू, गुंतवणुकीच्या योजना, कर्जावर विकलेली शिकवणी, पैज. देशाचं नाव उसनं घेण्याची सर्वात जास्त गरज ज्या धंद्याला, तोच सर्वात मोठी बोली लावतो. ज्याला लोकांचा विश्वास हवा आहे पण अजून मिळालेला नाही, तो छातीवरचा 'इंडिया' शब्द भाड्याने घेतो. सहाराच्या ठेवीदारांचे पैसे अडकले, बायजूजचे पालक फसल्याच्या तक्रारी करत राहिले. जर्सीवर नाव बघून विश्वास ठेवलेली माणसं त्यांत असणारच. टायर कंपनी या रांगेतली बरीच बरी आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

शिवाय ती जर्सी कायद्याने देशाची आहे का, हाही प्रश्न आहेच. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने म्हटलं की क्रिकेट मंडळ घटनेच्या अर्थाने 'राज्य', म्हणजे सरकारचं अंग, नाही. म्हणजे निवड भारताच्या नावाने, राष्ट्रगीत भारताचं, आणि हिशोब एका खासगी संस्थेचा. 2025 च्या क्रीडा प्रशासन कायद्यातही माहिती अधिकाराचा हात मुख्यतः सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपर्यंतच पोचतो. मंडळ अनुदान घेत नाही. जो पैसा देशाच्या नावावर जमतो त्याचा हिशोब देशाला मागता यायला हवा, असं मी गेली अनेक वर्षं म्हणत आलोय आणि म्हणत राहीन.

तरीही क्रिकेटकडे बघून तुमच्या मुलीचा निर्णय घेऊ नका. आपल्याकडे खेळावर खर्च होणाऱ्या जाहिरातीच्या दर दहा रुपयांतले आठाहून जास्त एकटं क्रिकेट घेऊन जातं. हेही कायम नव्हतं. 1983 चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते, म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. तेव्हाचं क्रिकेट आजच्या नेमबाजीच्या जागी होतं. पुढे दूरचित्रवाणीचे हक्क विकता आले आणि चित्र पालटलं. नेमबाजी तशी विकता येत नाही. दीड-दोन तास चाललेली तीन पोझिशनची (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) पात्रता फेरी टीव्हीवर बघणारा प्रेक्षक फार थोडा. तिथे पैसा वेगळ्याच वाटेने येतो.

ती वाट म्हणजे पगार. मला विचाराल तर भारतीय खेळांचा सर्वात मोठा प्रायोजक कोणती कंपनी नसून रेल्वेचा, लष्कराचा, पोलिसांचा, बँकांचा आणि तेल कंपन्यांचा वेतनपट आहे. तुमच्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बघा. शाळकरी वयात राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, नंतर मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये तुमच्या मुलीच्याच प्रकारात कांस्य घेऊन आला. महाराष्ट्राला खाशाबांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे 5 महार रेजिमेंटमध्ये शिपाई होता, धावायला लागला तो लष्करात. या दोघांना घडवणाऱ्या पैशावर कुठलाच लोगो नव्हता. दर महिन्याला पगार खात्यात जमा होत होता, सरावाला रजा मिळत होती, आणि दुखापत झाली तरी नोकरी जाणार नव्हती. दुखापतीनंतरही चालू राहणारा पैसा म्हणजेच खरं प्रायोजकत्व. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण तुमच्या करारातलं पहिलं भांडण यावरच करायचं आहे.

खासगी कंपन्याही पूर्वी हेच करत. मुंबईत टाइम्स शील्ड या क्रिकेट स्पर्धेत कंपन्यांचे संघ खेळायचे. गावसकर निर्लॉनकडून, वेंगसरकर टाटांकडून. गिरणगावातल्या कबड्डीला गिरण्यांच्या संघांचा आधार होता. गिरण्या गेल्या तशी ती पगारी जागाही गेली. फुटबॉलमध्ये महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, पुढच्या वर्षी पंजाबचा जेसीटी. कंपन्यांना कळून चुकलं की शंभर खेळाडू वर्षभर पोसण्यापेक्षा एका गाजलेल्या खेळाडूचा चेहरा तीन महिने विकत घेणं स्वस्त पडतं. धंदा म्हणून त्यांचं गणित बरोबरच आहे. खेळाचं मात्र त्यात नुकसान झालं, कारण गाजण्याआधीची सात-आठ वर्षं उघडी पडली.

देशप्रेमाची लाट आली की या उघड्या वर्षांचं काय होतं, याची दोन उदाहरणं देतो. जून 2020 मध्ये गलवान घडलं. चिनी कंपन्यांवर संताप उसळला, तो स्वाभाविकच होता. आयपीएलचं नाव विकत घेतलेली विवो त्या वर्षापुरती बाजूला झाली. विवो वर्षाला सुमारे 440 कोटी देत होती, तिच्या जागी आलेल्या ड्रीम11 ने 222 कोटी दिले. त्या ड्रीम11 मध्येही टेन्सेंट या चिनी कंपनीची गुंतवणूक होतीच. पुढच्या वर्षी विवो परत आली, 2022 मध्ये टाटा आले. क्रिकेटला ओरखडाही उठला नाही. आता दुसरीकडे बघा. जून 2021 मध्ये, टोकियो ऑलिंपिक दीड महिन्यावर असताना, भारतीय ऑलिंपिक संघटनेने ली-निंग या चिनी पोशाख कंपनीशी संबंध तोडले आणि खेळाडू कुठल्याही कंपनीच्या नावाविना पोशाखात उतरतील असं ठरलं. भावना दोन्हीकडे तीच होती, पण एकीकडे तिजोरी भरलेली होती आणि दुसरीकडे तिरंदाज, नेमबाज, भालाफेकपटू, चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू होते. मी त्या निर्णयाच्या विरोधात नाही. निर्णय देशाने घ्यावा, पण त्याची भरपाईही देशाने त्याच दिवशी जाहीर करावी, एवढंच माझं म्हणणं.

मग सरकारनेच सगळं करावं का? काकांच्या या मुद्द्याला मी सर्वात जास्त वजन देतो, कारण याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. हॉकीवर अनेक वर्षं सहाराचं नाव होतं. तो समूह अडचणीत आला आणि देशाच्या हॉकीला विचारणारं कुणी उरलं नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये ओडिशा सरकारने पुरुष आणि महिला दोन्ही राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं. भारताच्या जर्सीवर एका राज्याचं नाव आलं. राज्याने राउरकेलात बिरसा मुंडा स्टेडियमही उभारलं, 2018 आणि 2023 चे विश्वचषक ओडिशात झाले. टोकियोत 41 वर्षांनी पुरुष संघाला पदक मिळालं, महिला चौथ्या आल्या, पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य. सगळं श्रेय ओडिशाला देता येणार नाही, पण पुढची पाच वर्षं पैसा येणार हे ज्या प्रशिक्षकाला माहीत असतं तो संघ वेगळ्या पद्धतीने बांधतो. मला यात सर्वात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. 2024 मध्ये ओडिशात सत्ता बदलली, मुख्यमंत्री नवीन पटनायक पायउतार झाले, तरी नव्या सरकारने करार मोडला नाही, उलट 2036 पर्यंत वाढवला. आपल्याकडे असं क्वचित घडतं.

सरकारी पैशाचीही एक निर्दय बाजू आहे. ब्रिटनला 1996 च्या अटलांटात फक्त एक सुवर्ण मिळालं. लाज वाटून त्यांनी राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळाडूंकडे वळवला आणि वीस वर्षांनी रिओत 27 सुवर्णपदकांसह ते तक्त्यात अमेरिकेखालोखाल आले. अभिनव बिंद्राने तेव्हाच सांगितलं होतं की त्यांना एकेक पदक सुमारे 55 लाख पौंडांना पडलं आहे, आणि तेवढा खर्च करायची तयारी असेल तरच पदकांची अपेक्षा धरावी. पण त्याच ब्रिटनमध्ये बॅडमिंटनच्या पुरुष दुहेरीत रिओला कांस्य मिळालं आणि काही महिन्यांतच त्या खेळाचा पुढच्या चार वर्षांचा सगळा निधी बंद झाला, कारण पुढच्या वेळी पदकाची शक्यता कमी, असा हिशोब निघाला. बास्केटबॉलला तर पदकाची आशाच नाही म्हणून काही नाही. पदकांच्या तक्त्यासाठी दिलेला पैसा तक्त्याचाच हिशोब बघतो. कंपनी चेहरा बघते, सरकार तक्ता बघतं. सतरा वर्षांच्या मुलीकडे आज यातलं काहीच नाही.

आपल्याकडे काय आहे ते पटकन सांगतो. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर हातखर्चाला महिना 10,000. केंद्राच्या टॉप्स योजनेत, म्हणजे ऑलिंपिक पदकाच्या तयारीसाठीच्या यादीत, मुख्य गटात गेलात तर महिना 50,000 आणि परदेशी सराव, साहित्य वेगळं. मधल्या टप्प्यावर ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टसारख्या संस्था आहेत, ती गीत सेठी आणि प्रकाश पदुकोण यांनी 2001 मध्ये सुरू केली. राज्यात खेळाडूंना नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. हरियाणा ऑलिंपिक सुवर्णाला 6 कोटी, रौप्याला 4, कांस्याला अडीच कोटी देतं, आणि आपण इतकं का देत नाही यावर दर चार वर्षांनी वाद होतो. तो वाद मला दुय्यम वाटतो. जिंकलेल्याला दोन कोटी की पाच, यापेक्षा राष्ट्रीय स्पर्धेत आठव्या आलेल्या मुलीला वर्षाला दोन लाख मिळतात का, हे विचारणारं कुणी हवं. 50 मीटरच्या मुलीच्या घरात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहेच. गोळ्या परदेशी, प्रत्येक बंदुकीला एकाच उत्पादन-तुकडीच्या गोळ्या जुळतात म्हणून पेट्या एकदम घ्याव्या लागतात, जॅकेट-पँट वाढत्या वयात बदलावी लागते, आणि रेंज जवळ नसेल तर पुणे-मुंबईचं भाडं.

आता तुमच्या कागदाकडे येतो.

पहिला प्रश्न कंपनीला असा विचारा: हे पैसे तुम्ही सीएसआरमधून (सामाजिक दायित्वाच्या निधीतून) देताय की जाहिरातीच्या खात्यातून? दोन्ही पैसे चांगले, पण नियम वेगळे. कंपनी कायदा 2013 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळ, मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. 2021 च्या सुधारित नियमांत दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, सीएसआरचा पैसा एरवी देशाबाहेर खर्च करता येत नाही, पण राज्याचं राष्ट्रीय स्तरावर किंवा भारताचं आंतरराष्ट्रीय स्तरावर प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाला त्यातून सूट आहे. दुसरी, आपल्या मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर धरलं जात नाही. म्हणजे एकाच पैशावर दोन्ही फायदे कंपनीला घेता येत नाहीत. तुमच्याकडे आलेल्या मसुद्यात वरच्या पानावर 'सामाजिक दायित्व' लिहिलंय आणि आत जॅकेटवर लोगो, शोरूमच्या उद्घाटनाला हजेरी, दर महिन्याला चार पोस्ट अशी मागणी आहे. हे चालणार नाही, आणि त्यांच्या लेखापालालाही ते चालणार नाही. दोनपैकी एक निवडायला सांगा. या वयात मी सीएसआरकडे झुकेन. मुलीचा वेळ वाचतो.

दुसरं, तिचं वय. अल्पवयीनाने केलेला करार आपल्या करार कायद्यात टिकत नाही. सही पालक म्हणून तुमची राहील. करार तिच्या अठराव्या वाढदिवसापर्यंतच करा आणि पुढे तिने स्वतः वाचून, तिच्या मर्जीने नव्याने करायचा असं लिहा. तीन वर्षं एकदम बांधून घेऊ नका. कंपनी खरंच टिकणारी असेल तर ती याला हरकत घेत नाही.

तिसरं, पैसे कशावर मिळणार. तुमच्या मसुद्यात लिहिलंय की 'भारताचे प्रतिनिधित्व केल्यास' दुसरा हप्ता मिळेल. हा शब्द काढून टाका. कारण सांगतो. 2023 मध्ये कुस्ती महासंघाच्या निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने त्याला निलंबित केलं. सप्टेंबरमध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले पैलवान तिरंग्याखाली उतरलेच नाहीत, तटस्थ खेळाडू म्हणून उतरले. कुस्तीगीर अंतिम पंघालने तिथे कांस्य जिंकलं आणि पॅरिसची जागा मिळवली. 2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये लूज (बर्फावरची घसरगाडी) खेळणारा शिवा केशवनही ऑलिंपिक ध्वजाखाली उतरला, कारण आपली ऑलिंपिक संघटना निलंबित होती. संघटनेच्या चुकीची शिक्षा खेळाडूच्या ध्वजाला झाली. असा शब्द करारात असेल तर कंपनीचा वकील म्हणेल, हे भारताचं प्रतिनिधित्व नव्हे. म्हणून लिहा: 'आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेल्या स्पर्धेत सहभाग'. ध्वज कोणता, हा प्रश्न करारात येऊच देऊ नका. हप्ता निकालावरही बांधू नका. दर तिमाहीला ठरलेली रक्कम, आणि पदक आलं तर वर बक्षीस. दुखापत झाली तर किमान सहा महिने रक्कम चालू राहील हे स्वतंत्र कलम करून घ्या. कंपनी याच कलमावर अडेल. तुम्हीही इथेच अडून बसा.

चौथं, फोटो. मसुद्यातल्या एका ओळीत 'राष्ट्रीय गणवेशातील व राष्ट्रध्वजासह छायाचित्रे' वापरण्याचा हक्क मागितलाय. तो द्यायला तुमच्याकडे नाहीच. भारताच्या गणवेशावरचा हक्क संघटनेचा, तो खेळाडू परस्पर देऊ शकत नाही. आणि 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानुसार, तसंच ध्वजसंहितेनुसार, राष्ट्रध्वज व्यापारी कामासाठी वापरता येत नाही. ती ओळ सरळ खोडा. उद्या जाहिरात छापून आली तर नोटीस कंपनीला येईल आणि नाव मुलीचं खराब होईल. नेमबाजीच्या जागतिक महासंघाचेही कपड्यांवर नाव कुठे आणि किती मोठं असावं याचे नियम आहेत, आणि ऑलिंपिकच्या काळात ऑलिंपिक चार्टर या नियमावलीच्या नियम 40 खाली खेळाडूचा चेहरा वैयक्तिक प्रायोजकाला वापरण्यावर मर्यादा येतात. 'संघटनेच्या व महासंघाच्या नियमांच्या अधीन राहून' एवढे शब्द प्रत्येक अशा कलमाच्या सुरुवातीला घाला.

याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. 2021 मध्ये पी. व्ही. सिंधूने टोकियोत कांस्य जिंकलं त्या दिवशी अनेक कंपन्यांनी तिचा फोटो आणि आपला लोगो एकत्र टाकून अभिनंदन केलं. त्यांच्यापैकी कित्येकांनी तिला एक रुपयाही दिलेला नव्हता, आणि तिचं काम बघणाऱ्या संस्थेने त्यांना कायदेशीर नोटिसा पाठवण्याची तयारी केली. अभिनंदन देशाचं म्हणून केलं असं सांगता येतं, पण त्याखाली विक्रीचा माल असेल तर ती जाहिरातच आहे. तुमच्या मुलीचं नाव आणि चेहरा तिचा आहे. तो किती काळ, कुठल्या माध्यमात, कुठल्या मालासाठी दिला हे करारात मोजून लिहा, आणि करार संपल्यावर जुन्या पोस्ट काढून टाकायचं बंधन घाला. कुठल्या मालासाठी देणार नाही हेही आजच लिहून घ्या. तंबाखू, मद्य, जुगार आणि त्यांच्या नावाने विकला जाणारा सोडा-वेलची, हे चार तरी.

पाचवं, कंपनी विकली गेली, बंद पडली किंवा तिचा धंदाच कायद्याने थांबला तर काय? ड्रीम11 आणि बायजूज ही उदाहरणं सांगितली ती यासाठीच. मंडळाला दुसरी कंपनी काही आठवड्यांत मिळते, तुम्हाला मिळणार नाही. म्हणून हप्ता तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ घ्या, शेवटी नको.

काकांना हे उत्तर वाचून दाखवा. ते म्हणतात तसं सरकारकडेही मागायचंच आहे. त्यामुळे कराराच्या वाटाघाटी चालू असतानाच खेलो इंडियाच्या पुढच्या निवडीचे गुण, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडचा प्रमाणपत्र पडताळणीचा अर्ज आणि रायफल संघटनेकडून गोळ्यांच्या आयातीसाठीची कागदपत्रं ही तिन्ही कामं काकांकडे सोपवा. पडताळणीला वेळ लागतो आणि पुढे पाच टक्क्यांतल्या नोकरीला तोच कागद लागतो. कंपनीला मसुदा परत पाठवताना खोडलेल्या ओळींच्या शेजारी कारण लिहा, म्हणजे त्यांच्या वकिलाशी फोनवर वाद घालावा लागणार नाही. दुखापतीच्या कलमावर त्यांनी तीन महिने कबूल केले तर घ्या, शून्य म्हटलं तर उठा. आणि सही कुठल्याही परिस्थितीत राष्ट्रीय निवड चाचणीच्या आधीच्या आठवड्यात ठेवू नका. त्या आठवड्यात मुलीला रेंजवर जाऊ द्या.